शिवेपार सोडलेला गाडा

सुरतेला मी गेलो होतो आणि नाव सोमाचं सांगितलं. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. आजारपणाबद्दल लिहिताना लोक आधी तापाचं लिहितात, मग डॉक्टरांचं, मग देवाचं. मला आधी हे लिहावं लागतंय. माझा ताप औषधांनी गेला. हे गेलं नाही.

*

१९९४ सालचा भाद्रपद होता. मी सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला होतो. आम्ही कापडाच्या मागांना लागणारे सुटे भाग बनवायचो आणि ते बसवून द्यायला मला अधूनमधून सुरतेला जावं लागे. त्या खेपेला काम जुन्या शहरात होतं, तापीच्या काठाजवळ. एके काळी तिथे जहाजांचा माल उतरायचा म्हणतात. मी पाहिलं तेव्हा तिथे खोलीला खोली लागून माग होते. त्यांचा आवाज इतका अखंड असतो, की दोन दिवसांनी तो ऐकूच येईनासा होतो.

एका सकाळी मला जाग आली ती शांततेने. माग बंद होते. खिडकीतून खाली पाहिलं तर गल्ली माणसांनी भरलेली, डोक्यावर गाठोडी, तोंडाला फडकी बांधलेली. कोणी बोलत नव्हतं. लहान मुलंसुद्धा रडत नव्हती. नुसता चपलांचा आवाज येत होता. मी ज्याच्याकडे उतरलो होतो तो कारखानदार दाराला कुलूप घालता घालता म्हणाला, "निकल जाओ भाई, प्लेग है," आणि माझ्याकडे न बघताच निघून गेला.

सापुताऱ्यावरून येणारी एसटी कशीबशी मिळाली. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. ते वाटभर खोकत होते आणि प्रत्येक खोकल्यानंतर माझी माफी मागत होते. दिंडोरीला गाडी थांबली तेव्हा टपरीवाल्याने पाटी पाहिली आणि चहा ओतायचा थांबला. "कप देणार नाय. तुमचा गिलास असंल तर लांबून ओततो," म्हणाला. रस्त्याच्या कडेला द्राक्षबागेत तोंडाला टॉवेल गुंडाळलेली माणसं फवारणी करत होती. ती रोजचीच माणसं आणि रोजचंच काम, पण मला वाटलं, ही आपल्यावरच फवारायला उभी आहेत.

*

आमचं घर तेव्हा पेठ रोडला, अगदी शहराच्या टोकाला होतं. पुढे शेतं सुरू व्हायची. घरी पत्नी सुनंदा आणि दुसरीत असलेली मुलगी मृदुला. मी दोघींसाठी सुरतेहून साड्या आणि फ्रॉकचं कापड आणलं होतं. खोक्यांवर गुजराती अक्षरं होती. सुनंदाने दार लावून घेतलं आणि विचारलं, "कुणी पाहिलं तुम्हाला उतरताना?"

"नाही."

तिने खोकी उचलली, मागच्या अंगणात गेली आणि सगळं बंबात घातलं. रेशमासारख्या त्या कापडाचा जळका वास घरात बराच वेळ राहिला. त्याच बंबाच्या पाण्याने मी आंघोळ केली.

"कोणी विचारलं तर घोटी म्हणायचं," मी म्हणालो. "चुलतभावाकडे गेलो होतो."

पितृपंधरवडा चालू होता. शेजारच्या कठड्यांवर भाताचे घास ठेवलेले असायचे. एरवी कावळे हात आखडायच्या आत झडप घालतात. त्या दिवसांत घास सुकून जात होते. कावळे कुठे गेले होते कोण जाणे.

*

ताप आला तो दुपारी. थंडी वाजून आला आणि छातीत कोणी तरी विटा रचतंय असं वाटू लागलं. दुसऱ्या दिवशी खोकल्यातून रक्त आलं. आमचे गल्लीतले डॉक्टर दारातूनच म्हणाले, "गेल्या आठवड्यात कुठे होतात?"

"घोटीला."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी सुनंदाकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत राहिली. डॉक्टरांनी तरीही आरोग्य खात्याला कळवलं, त्यांचं कर्तव्यच होतं ते. संध्याकाळच्या आत जीप आली. दोन माणसं ओट्यावर उभी राहिली, एक तरुण डॉक्टर आणि एक निरीक्षक. गल्लीतली सगळी दारं बंद झाली आणि सगळ्या खिडक्या किलकिल्या झाल्या.

"तुम्ही घोटीला होतात, तर हे आलं कुठून?" त्या तरुण डॉक्टरांनी विचारलं. आवाज चढवला नाही. खरोखरच त्यांना कळत नव्हतं. "सुरतेहून आलेलं आसपास कोणी आहे का? आम्हाला कळायला हवं. ज्या घरात तो शिरला असेल ते घर बंद करावं लागेल."

घर बंद करणं म्हणजे सुनंदा आणि मृदुलाला उचलून नेणं. माझ्या डोळ्यांसमोर मृदुलाचा फ्रॉक आला, खाटांच्या रांगेत उभी असलेली ती आली. एवढंच आलं असतं तर आज मी स्वतःला थोडं समजावलं असतं. पण त्याच्याबरोबर किलकिल्या खिडक्याही आल्या. याने आणला रोग, असं लोक म्हणतील, ही भीतीसुद्धा तितकीच मोठी होती.

मी म्हणालो, "शेजारच्या बांधकामावर वॉचमन आहे. सोमा. तो गुजरातेतून आलाय."

यात खोटं काहीच नव्हतं, हेच वाईट. सोमा पेठकडच्या एका पाड्यावरचा. उन्हाळ्यात तो मजुरीला बलसाडच्या बाजूला गेला होता आणि पावसाच्या आधीच परत आला होता. सुरत त्याने पाहिलीही नव्हती. बायको यमुनाबरोबर तो अर्धवट इमारतीशेजारच्या पत्र्याच्या खोपीत राहायचा. आमचं पाणी गेलं की बादली भरून आणून द्यायचा.

सुनंदा चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ट्रे तसाच आत नेला. त्या चहाला नंतर कोणी विचारलं नाही.

*

आम्हाला एकाच गाडीतून नेलं. मी आडवा, सोमा समोर बसलेला, यमुना पुढे. सोमाला नुसती सर्दी होती. तो सारखा म्हणत होता, "सायब, मला काय झालं नाय. या भाऊंनाच लय तरास हाय." मग माझ्याकडे वाकून म्हणाला, "घोटीला पण आला का हो भाऊ रोग?"

मी डोळे मिटून घेतले.

ती इमारत गावाबाहेर होती. एरवी बंदच असायची, साथीपुरती उघडलेली. काळ्या दगडाची, उंचावर बारीक खिडक्या असलेली. तिथल्या वॉर्डबॉयला सगळे मामा म्हणत. मामा बोलका होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे मुंबईच्या बंदरात प्लेग उतरला त्या काळात इंग्रजांनी हे बांधलं. रेल्वेने येणाऱ्यांना उतरवायचे, काखा आणि जांघा तपासायचे, कपडे अंगणातल्या दगडी कुंडात उकळायचे आणि माणसं इथे ठेवायचे. "नवरा एका खोलीत, बायको दुसरीत. घरात आजारी असला तर लोक लपवायचे, धान्याच्या कणगीत बसवायचे. सोल्जर यायचा आणि संगीन खुपसून बघायचा," मामा मिटक्या मारत सांगायचा. मागे एक लोखंडी दार होतं. "इथून माणूस दोन दारांनी जातो. मागचं दार गंजलंय, उघडत नाही. तेव्हा काळजी करू नका साहेब, तुम्ही पुढच्यानेच जाणार."

आम्ही हसलो. तिथे हसू यायचं, हे सांगितलं पाहिजे.

माझ्या खाटेमागच्या भिंतीवर, बसल्यावर डोकं टेकेल बरोबर तिथे, एक तेलकट काळपट डाग होता. प्रत्येक खाटेमागे तसा एक. मामा म्हणाला, कितीही चुना मारा, पावसाळ्यात परत वर येतो. शंभर वर्षांतल्या डोक्यांचा तो डाग. पहिले काही दिवस मी मान अवघडून बसायचो. मग ताप चढला आणि डोकं आपोआप मागे गेलं. डाग माझ्या डोक्याच्या मापाचा होता.

*

रोजचा दिवस असा. सकाळी फिनेल. मग सिस्टर, डोळ्यांखेरीज सगळं झाकलेली. मग इंजेक्शनं. मला ती हवीच होती, माझ्या छातीत ऐकूनच कळत होतं. सोमाला काही नव्हतं; पण पहिला रोगी तो, गुजरातेतून आलेला तो, म्हणून त्यालाही पूर्ण कोर्स. धोका कोण पत्करणार? डॉक्टरांची चूक नव्हती. त्यांना जे सांगितलं होतं त्याप्रमाणे ते वागत होते.

दुपार सगळ्यात वाईट. तिथे दुपारी काहीही वाजत नसे. माझ्या कपाळावरची पट्टी सोमाच बदलायचा. सिस्टर लांबून ठेवून जायच्या, मामाला हात लावायची भीती. सोमा पट्टी पिळायचा, ठेवायचा आणि गप्पा मारायचा. घरून डबा आला की मुगाची खिचडी मी त्याला अर्धी द्यायचो. तेवढंच देता येत होतं.

एका सकाळी मामा फाटकाजवळून उलट पावली आत आला. बाहेर रस्त्यावर एक लाकडी गाडा होता. बैलगाडीसारखा, पण खेळण्याएवढा. त्यात लाल फडकं, हिरव्या बांगड्या, कापलेलं लिंबू, कडुनिंबाच्या डहाळ्या. पलीकडच्या वस्तीतल्या कोणी तरी ढकलून ठेवलेला.

"मरीमायचा गाडा हाय," सोमा खिडकीशी टाचा उंचावून म्हणाला. "गावात रोग शिरला की असा गाडा करत्यात. वाजतगाजत शिवेवर न्यायचा, पल्याड ढकलायचा आन मागं वळून बघायचं नाय."

"मग पलीकडच्या गावाचं काय?"

"ते त्यांच्या शिवेपार ढकलत्यात."

"आणि शेवटच्या गावाने काय करायचं?"

सोमा हसला. "शेवटचं गाव कुणी बघितलंय भाऊ?"

"मी बघतोय," मामा म्हणाला. "त्यात झाडून काढायचं काम माझ्याकडे आहे." त्याने लांब बांबूने गाडा ढकलून रस्त्यापलीकडे लावला. दुसऱ्या सकाळी तो परत अलीकडे होता. मामाने पुन्हा ढकलला. मग तो फाटकाच्या आत आला. लिंबू वाळलं होतं, पण कडुनिंब कोणी तरी ताजा घातला होता. ढकलणारा माणूस आम्हाला कधीच दिसला नाही.

आणि त्याच सुमारास सोमा म्हणू लागला की चाकं वाजतात.

"कसली चाकं?"

"गाड्याची. बारीक, कुईकुई. आता पण वाजत्यात. तुमाला नाय येत ऐकू?"

दुपार होती. कुठे काहीही वाजत नव्हतं. फाटकाच्या आत गाडा स्थिर उभा होता. सोमा मान कलती करून ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरची तल्लीनता बघून माझ्या अंगावर काटा आला. पुढे पुढे तो माझं बोलणं दोनदा विचारू लागला. मामा म्हणाला, झपाटलाय. मीही तसंच मानलं. ते सोपं होतं. त्या इंजेक्शनांनी काही जणांचे कान जातात, हे मला खूप नंतर कळलं.

*

सुनंदाला आत सोडत नव्हते. एकदा ती खिडकीखाली येऊन उभी राहिली. मृदुला कुंपणापलीकडे माझ्या सासऱ्यांच्या खांद्यावर बसून हात हलवत होती. मी खाटेवर उभा राहून खाली पाहिलं.

"सोमाची खोप जाळली," ती म्हणाली. "आरोग्यवाल्यांनी नाही. आपल्याच गल्लीने. यमुनाची भांडी, गोधड्या, सगळं आत होतं."

"सुनंदा, हळू बोल."

"मी बंबात साड्या घातल्या," ती म्हणाली. "तुम्ही माणूस घातलात."

मी मागे पाहिलं. सोमा तीन हातांवर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "वयनी काय म्हणल्या?"

"तब्येतीचं विचारत होती," मी म्हणालो.

खरं सांगायची ती वेळ होती. डॉक्टर दोनच खोल्या पलीकडे होते, सोमाची पुढची इंजेक्शनं थांबली असती. बसमधल्या त्या खोकणाऱ्या गृहस्थांना कोणी तरी शोधलं असतं. मी पडून राहिलो. हे वाचणाऱ्यांत कोणी अशा खाटेवर असेल आणि त्याला विचारलं जात असेल, कुठून आलात, कोणाला भेटलात, तर त्याला माझं एवढंच सांगणं आहे: पहिल्यांदा विचारतील तेव्हाच खरं सांगा. दुसऱ्यांदा सांगणं फार जड जातं.

*

मला झाला तो प्लेग होता की न्यूमोनिया, हे ठामपणे कोणीच सांगितलं नाही. मी बरा झालो. सोमा आणि यमुना माझ्या आधी सुटले. जाताना सोमा मोठ्याने, गरजेपेक्षा फार मोठ्याने म्हणाला, "येतो भाऊ! घोटीला आलो तर तुमच्या भावाकडं उतरंन!"

घरी आलो तेव्हा बांधकामाशेजारी एक काळा चौकोन होता. इमारत पुरी झाली, तिथे पार्किंग आलं. सुनंदाने तो विषय पुन्हा काढला नाही. ती माझं सगळं करायची, डबा, कपडे, पथ्य. मात्र मी काही सांगू लागलो की ती माझ्या चेहऱ्याकडे थोडा वेळ बघायची, खरं की खोटं ते ठरवत असल्यासारखी. आमचा संसार त्या नजरेखाली चालला. सोमाचं काय झालं याची चौकशी मी केली नाही. पेठ दूर नव्हतं. मी मागे वळून बघत नव्हतो, इतकंच.

*

मग २००३ साली परदेशातून नवी साथ निघाली. आमच्या कारखान्यातला एक पोरगेला इंजिनियर सिंगापूरहून परतला होता. त्याला गेस्ट हाऊसमध्ये वेगळं ठेवलं. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "परवा तो तासभर खाली येऊन गेला. कोणाजवळ बसला होता? एक-दोन नावं सांगा."

साधा प्रश्न होता. त्या थंड केबिनमध्ये मला चाकं ऐकू आली. बारीक, कुईकुई.

घरी येऊन मी सुनंदाला म्हणालो, "उद्या पेठला जातो."

तिने कुठे, कशाला, काही विचारलं नाही. "डबा करते," म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "दोघांचा करते. मीही येते."

*

चैत्र संपत आला होता. पेठच्या पुढे डोंगरउतारावर राब भाजायचं काम चालू होतं. पालापाचोळा पेटवून भाताच्या रोपांसाठी जमीन तयार करतात ते. सगळीकडे धूर होता आणि धुरात माणसं अर्धीच दिसत होती. जीपवाल्याने पाड्याच्या अलीकडेच उतरवलं. "सोमा बहिरा ना? तो पाड्यात नाय राहत. तो शिवेबाहेर."

शेंदूर फासलेल्या दगडाच्या अलीकडे एक एकटी झोपडी होती. यमुना बाहेर आली. तिने सुनंदाला लगेच ओळखलं.

"सुरतेचा रोग आनला म्हनून गावानं घेतलं नाय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, पाऊस किती झाला ते सांगावं तसं ती सांगत होती. "आधी म्हनले, पावसाळाभर ऱ्हावा बाहेर. मग तसंच पडलं. आता बोलत्यात, पन माझ्या हातचं पानी पीत नाय कोनी."

सोमा धुरातून आला. केस पिकले होते. मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "घोटीवाले भाऊ!" तो ओरडला. "जगलात ना! मी म्हनलं व्हतं!"

त्याने माझे दोन्ही हात धरले. हे हात माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. मी खाली मान घालून, घरून पाठ करून आणलेलं सगळं हळू आवाजात बोलून टाकलं. संपल्यावर वर पाहिलं. तो हसतच होता, माझ्या ओठांकडे बघत.

"त्याला नाय ऐकू येत," यमुना म्हणाली. "जोरात बोलावं लागतं. कानाशी."

मला ते हळूच सांगायचं होतं. माफी मागायची तीही लपून मागायची होती, हे मला त्या क्षणी कळलं.

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडलो, "मी घोटीला गेलो नव्हतो! सुरतेला मी गेलो होतो! तुझं नाव मी सांगितलं!"

सोमाचं हसू हळूहळू गेलं. त्याने हात सोडले नाहीत. ते नुसते सैल झाले. माझा आवाज उतारावर घुमला आणि धुरातली माणसं काम थांबवून बघू लागली. काही जण शिवेच्या दगडापर्यंत आले आणि पलीकडेच थांबले.

सोमाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्याने मला खांद्याला धरून त्यांच्याकडे तोंड करून उभं केलं.

"आता त्यांना सांगा," यमुना म्हणाली. "त्यांना येतंय ऐकू."

सुनंदा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी जेवढा होता तेवढा आवाज काढला. "ऐका! सोमाने रोग आणला नाही. तो सुरतेला कधी गेलाच नव्हता. रोग मी आणला, आणि माझं घर वाचावं म्हणून याच्यावर ढकलला. याची खोप माझ्यामुळे जळली, याचे कान माझ्यामुळे गेले, हा तुमच्या शिवेबाहेर राहिला तो माझ्यामुळे. सोमा, यमुनाबाई, माझं चुकलं. फार मोठं चुकलं. मला माफ करा."